विंगेतून पाहिलेलं तोरिनो

इटलीतल्या तोरिनो शहरातली सगळ्यात देखणी इमारत मी पहिल्यांदा पाहिली ती पाठीमागून. चूक माझीच. भाची तिथल्या पोलिटेक्निकमध्ये वास्तुकला शिकते. तिने कळवलं होतं, ‘मामा, पियात्सा कास्तेल्लोत ये आणि पालात्सो मादामाच्या समोर उभा राहा. लेक्चर संपलं की मी पोचतेच.’ मी नदीकडून, व्हिया पो रस्त्याच्या कमानींखालून चालत आलो. चौकाच्या मधोमध एक विटांचा किल्ला उभा होता. राकट, तांबूस, दोन्ही अंगांना बुरूज आणि पायथ्याशी खंदक. राजवाडा म्हणावा असं त्यात काही नव्हतं. नोव्हेंबरच्या गारठ्यात मी तिथे पंधरा मिनिटं हात चोळत उभा राहिलो. शेवटी फोन आला. ‘समोर उभा राहा म्हटलं होतं मामा, तू मागे उभा आहेस.’

मग किल्ल्याच्या कडेकडेने चालत निघालो. विटांची भिंत बराच वेळ बरोबर चालत होती. ती एका जागी थांबली आणि फिकट दगड सुरू झाला. मध्ये कसलाही सांधा नाही, आधी सूचना नाही. इथपर्यंत पंधराव्या शतकातला किल्ला, इथून पुढे अठराव्या शतकातला महाल. आणि महालाची जाडी किती? एक जिना मावेल एवढी. त्यापुढे लगेच चौक.

मी थबकलो, कारण ती कड माझ्या ओळखीची होती. कॉलेजात असताना आणि नंतरही काही वर्षं मी कोल्हापुरात हौशी नाटकांच्या पडद्यामागे राबलो. नट नव्हतो, नेपथ्यकारही नव्हतो. फ्लॅट उचलणारा, खिळे मारणारा, मांजरपाटावर खळ फासणारा. फ्लॅट पुढून वाड्याची भिंत असतो. मागून तो चार काठ्या, एक टेकू आणि कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेला ‘अंक दोन, डावी’ असा मजकूर असतो. पण खरी गंमत त्याच्या कडेशी असते, जिथे वाडा संपतो आणि काठी सुरू होते. पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना ती कड कधी दिसत नाही. विंगेत उभं राहणाऱ्याला दुसरं काही दिसतच नाही.

त्या दिवशी तोरिनोच्या भर चौकात मला ती कड दिसली. पाच-सहा मजली उंचीची, दगडी, तीनशे वर्षं उभी.

हा पडदा ज्याने उभा केला त्याचं नाव फिलिप्पो युवारा. इथल्या साव्होया राजघराण्याचा दरबारी वास्तुकार आणि त्याआधी रोममधला नेपथ्यकार. आलो होतो भाचीकडे दहा दिवस, चार संग्रहालयं बघावीत, चॉकलेट खावं एवढाच बेत होता. पण त्या कडेने माझे पुढचे सगळे दिवस खाल्ले.

भाची आली आणि मला समोरून नेलं. आता मात्र मान्य करायला हवं की समोरून बघताना मागचा किल्ला मनातून पुसला जातो. उंचच उंच खांब, त्यांच्या मध्ये जमिनीपासून थेट वर चढत जाणाऱ्या काचेच्या खिडक्या, माथ्यावर कठडा आणि कठड्यावर पुतळे. हे काम १७१८ ते १७२१ या काळातलं. तेव्हाच्या राजाची आई, मारिया जोव्हान्ना बात्तिस्ता, इथे राहायची. तिला लोक ‘मादामा रेआले’ म्हणत, म्हणून हा मादामाचा महाल. आधी इथे रोमन वेस होती, वेशीचा किल्ला झाला, आणि त्या किल्ल्याला सगळीकडून नव्या दगडाचा अंगरखा घालायचा असा बेत होता. घातला गेला फक्त छातीवरचा भाग. मग काम थांबलं ते थांबलंच. पाठ उघडी राहिली.

आत गेलो. एवढ्या मोठ्या दर्शनी भागाच्या आत काय असावं? दरबार, दिवाणखाना, निदान एखादं देवघर? आत आहे जिना. फक्त जिना. तळमजल्याच्या मध्यावरून एक डावीकडे चढतो, एक उजवीकडे, आणि वर जाऊन दोघे भेटतात. त्या भेटीच्या जागी दार आहे, आणि दारापलीकडे पुन्हा तो जुना किल्ला. म्हणजे युवाराने राणीमातेला एकही नवी खोली दिली नाही. तिला त्याने येणं आणि जाणं बांधून दिलं.

मी खालच्या पायरीवर बसून राहिलो. पायऱ्या उथळ आहेत. त्यावर भराभर चढता येत नाही, पाऊल आपोआप सावकाश पडतं. उजवीकडच्या खिडकीतून उजेड येत होता, तो भिंतीवरच्या दगडी माळांवर तिरका पडून त्यांच्या कडा उचलत होता. तेवढ्यात प्राथमिक शाळेतली पोरं आली, बहुधा दुसरी-तिसरीतली, फुगीर जाकिटांत आणि जोडीजोडीने हात धरून. दारात त्यांचा नेहमीचा कलकलाट होता. पहिल्या दहा पायऱ्यांत तो कमी झाला. बाई ओरडल्या नव्हत्या. पोरं ताठ चालायला लागली होती. एक नाकात बोट घालणारा पोरगा वरच्या कठड्याशी पोचला, वळला, आणि खाली राहिलेल्यांकडे बघून त्याने हात हलवला. अगदी राजासारखा, मनगटातून. त्याला हे कुणी शिकवलं असणार? जिन्यानेच.

नाटकवाल्यांना माहीत असतं की नटाची अर्धी भूमिका एंट्रीत ठरते. कुठल्या विंगेतून, किती पावलांत, कुठल्या उजेडात. वाक्य नंतर. युवाराच्या नाट्यमयतेबद्दल पुस्तकांत बहुधा नक्षी, पुतळे, सोनेरी मुलामा असं लिहिलेलं असतं. पण त्याच्या समकालीनांच्या मानाने त्याची नक्षी तशी बेतातच आहे. त्याचा सगळा जीव एंट्रीत आहे. माणूस कुठून येणार, तो कुणाला कधी दिसणार, त्याच्या मागून उजेड येणार की पुढून, आणि तो चढत असताना त्याला स्वतःला काय वाटणार. त्याच्या इमारतीत प्रेक्षक म्हणून शिरलेला माणूस चार पायऱ्यांत पात्र होऊन बसतो.

संध्याकाळी भाचीच्या खोलीवर कांदेपोहे झाले. (पोहे मी नेले होते. कढीपत्ता तिने मिलानहून आणून ठेवला होता.) तिने लॅपटॉपवर युवाराची रेखाटनं काढून दाखवली. शाईच्या भरधाव रेघा आणि वर पातळ तपकिरी वॉश. बरीचशी नाटकांच्या दृश्यांची आहेत: बंदर, तुरुंग, राजाची बाग, छावणी. माणूस विचार करतोय आणि हात त्याच्या पुढे पळतोय, असं वाटावं इतकी ती घाईची आहेत.

युवारा मूळचा सिसिलीतल्या मेस्सिनाचा, जन्म १६७८. घराणं चांदीचं काम करणाऱ्यांचं. तो रीतसर धर्मगुरू झाला आणि मग रोमला जाऊन कार्लो फोंताना या वयोवृद्ध वास्तुकाराकडे शिकायला राहिला. फोंतानाने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणतात, की आतापर्यंत शिकलास ते आधी विसर. १७०५ मध्ये सान लुका अकादमीच्या स्पर्धेत त्याने बक्षीस मिळवलं, पण इमारत बांधायला कुणी दिली नाही. दिलं ते काम नाटकाचं. कार्डिनल पिएत्रो ओत्तोबोनी हा पैसेवाला आणि संगीतवेडा धर्माधिकारी. कोरेल्लीसारखा व्हायोलिनवादक त्याच्या पदरी होता. त्याच्या वाड्यात, कान्चेल्लेरियात, एक छोटं रंगगृह होतं. १७०८ नंतरची काही वर्षं युवारा तिथे ऑपेरांची दृश्यं रचत होता. पोलंडची परागंदा राणी मारिया कासिमिरा हिच्या घरच्या रंगमंचासाठीही त्याने कामं केली.

छोट्या रंगमंचावर मोठं जग उभं करायचं, तेही मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांत. विंगांचे फ्लॅट खाचांतून सरकायचे, मागे जाताना आकाराने लहान होत जायचे, दिवे फ्लॅटच्या पाठीमागे दडवलेले. उजेड दिसायचा, दिवा दिसायचा नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे दगडातही त्याने तेच केलं. त्याची चर्चेस बघा. कार्मिनेच्या चर्चमध्ये उजेड वरून, सज्जांच्या मागून झिरपतो. तो कुठून आला हे बघायला मान वर करावी लागते, आणि तोवर आपण गुडघ्यावर बसण्याच्या मनःस्थितीत आलेलो असतो.

त्याच काळात नेपथ्यात एक मोठी उलथापालथ होत होती. तोवर पडद्यावरचा देखावा सरळ समोर जायचा, सगळ्या रेषा मधल्या एका बिंदूत मिळायच्या. त्यामुळे तो अचूक दिसायचा एकाच खुर्चीतून, आणि ती खुर्ची अर्थातच राजाची. बाकीच्यांना महाल जरा वाकडाच दिसणार. फेर्दिनांदो गाल्ली बिब्येना याने देखावा कोनात फिरवला आणि १७११ च्या आपल्या ग्रंथात त्याची रीत मांडली. आता इमारतीचा कोपरा प्रेक्षकाकडे येऊ लागला, तिच्या दोन बाजू दोन दिशांना तिरक्या धावत विंगेत नाहीशा होऊ लागल्या. कुणालाच सगळं दिसत नाही, पण पलीकडे बरंच काही आहे असं प्रत्येकालाच वाटतं. युवारा या खेळात तरबेज होता.

आणि मग त्याला खरा राजा भेटला. साव्होयाचा ड्यूक व्हित्तोरियो अमेदेओ दुसरा हा पिढीजात सरदार, पण राजा नव्हे. १७१३ च्या उट्रेक्टच्या तहात त्याला सिसिलीचं राज्य मिळालं आणि डोक्यावर मुकुट आला. नवं राज्य बघायला तो सिसिलीत गेला, तिथे युवारा भेटला, आणि १७१४ मध्ये तो त्याला आपला पहिला वास्तुकार म्हणून उत्तरेला घेऊन आला. सहा वर्षांत सिसिली हातची गेली आणि बदल्यात सार्डिनिया मिळालं, पण ‘राजा’ ही पदवी टिकली. पदवी नवी, शहर जुनं, शेजारी फ्रान्स आणि ऑस्ट्रियासारखे. पात्राला पोशाख मिळाला होता, सेट नव्हता. अशा वेळी लोक नेपथ्यकारालाच बोलावतात.

दुसऱ्या दिवशी शाही राजवाड्यात ‘कात्रीचा जिना’ पाहिला. १७२० चा. वजनदार दगडी कमानी एका बाजूने उचललेल्या, मध्ये आधार दिसत नाही, आणि जिना आपल्याच बळावर वर गेल्यासारखा. तेव्हा दरबारातले लोक म्हणाले म्हणे, हा कोसळणार. युवाराने पहिल्याच कमानीवर संगमरवरात एक कात्री कोरवली, आणि तिच्या पात्यांत एक जीभ. वरवर नक्षी वाटते, नीट बघितलं की ती जीभ दिसते. ही गोष्ट कितपत खरी कोण जाणे, पण कात्री आहे. ‘टीका करणाऱ्यांची तोंडं बंद’ हे आपण नुसतं बोलतो, या धर्मगुरूने ते बसवून घेतलं. मला तो माणूस तिथे पहिल्यांदा आवडला.

वेनारियाच्या महालाबद्दल फार लिहीत नाही. लांबच्या लांब पांढरी दालनगल्ली, काळ्या-पांढऱ्या फरश्या, दोन्हीकडून उजेड. नेपोलियनपासून पुढे तिथे सैनिकांची बराक होती, पार मोडकळीला आलं होतं. मोठ्या खर्चाने दुरुस्त करून २००७ मध्ये ते लोकांना खुलं केलं. दुरुस्ती उत्तम आहे, जरा जास्तच उत्तम. रंगीत तालमीच्या दिवशी सेट असा दिसतो, अजून कुणी त्यावर वावरलेलं नसतं.

स्तुपिनीजी मात्र वेगळं.

शहराच्या नैर्ऋत्येला दहाएक किलोमीटरवर हे शिकारीचं ठाणं. ‘छोटा महाल’ असं त्याचं नाव, आणि छोटेपणा फक्त नावात. ट्राम आणि मग बस. बसमधून उतरलो तर समोर सरळ रस्ता, रस्त्याच्या शेवटी घुमट, आणि घुमटाच्या टोकावर एक हरीण. फ्रांचेस्को लादात्तेने १७६६ मध्ये केलेलं काशाचं मूळ हरीण आता आत ठेवलंय, वर आहे ती प्रतिकृती. पण लांबून, शेतांवरच्या पांढऱ्या धुरकट हवेत, ते खरोखरच तिथे येऊन थांबल्यासारखं दिसतं. ज्या जनावराला मारायला दरबार इथे जमायचा तेच सगळ्यांच्या डोक्यावर उभं.

युवाराने हे काम १७२९ मध्ये हाती घेतलं. आराखडा फुलीसारखा: मधे उंच लंबवर्तुळी दालन, त्यातून चार हात तिरके बाहेर गेलेले. मी दालनाच्या मधोमध उभा राहिलो आणि बिब्येनाचा तो कोनातला देखावा पायाखाली आल्यासारखं वाटलं. कुठल्याच दारातून इमारत सरळ समोर दिसत नाही. जिकडे बघावं तिकडे ती तिरकी निसटते, एका दारातून दुसरं, दुसऱ्यातून खिडकी, खिडकीतून झाडांची रांग. चार मोकळे खांब घुमटाला धरून आहेत आणि त्यांच्या मागे जागा आहे, सावली आहे. वर वाद्यवृंदासाठी सज्जे, त्यांचे कठडे लाटेसारखे. छतावर ढगात बसलेली मृगयादेवी डायना आणि तिच्याभोवती रंगवलेले खांब, रंगवलेल्या कमानी. खरा खांब कुठे संपतो आणि रंगवलेला कुठे सुरू होतो, हे कळायला मला भाचीची मदत घ्यावी लागली. ते काम जुझेप्पे आणि दोमेनिको व्हालेरियानी या भावांचं, १७३१ ते ३३ मधलं. पुढे जुझेप्पे रशियाच्या दरबारात नेपथ्यकार म्हणून गेला. म्हणजे छतसुद्धा नाटकवाल्यांनीच रंगवलेलं.

आम्ही गेलो तेव्हा दालनात आमच्याशिवाय एक वयस्क जोडपं होतं. आजोबांनी आजीला खांबाआड थांबायला सांगितलं, स्वतः पलीकडच्या दारापर्यंत गेले आणि तिथून काहीतरी म्हणाले. आजी खांबाआडून बाहेर आल्या, हसल्या, पर्स सावरली. फोटो काढला गेला. इतकंच. पण ही जागा माणसांना असंच काही करायला लावते. कोल्हापूरच्या संगीत नाटकांच्या पडद्यांची मला आठवण झाली. आनंदराव आणि बाबुराव पेंटर या दोघांनी रंगवलेले महाल आणि रस्ते त्या काळी लोक तिकीट काढून बघायला यायचे, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगत. पडद्यातल्या रस्त्यावरून चालत जाता येत नाही, हीच काय ती हळहळ. इथे येतं.

जाता जाता: १८२७ पासून स्तुपिनीजीत एक हत्ती राहत होता. इजिप्तच्या सुभेदाराने, मेहमेत अलीने, राजाला भेट पाठवलेला. नाव फ्रिट्झ. पंचवीस वर्षं त्याने पाहुण्यांना सलाम केले. मग त्याचा माहूत बदलला, तो बिथरला, त्याच्या हातून माणूस मेला आणि १८५२ मध्ये त्याला मारण्यात आलं. राजाचा सेट होता, हत्तीचाही प्रवेश होता, आणि पात्राने एकदा संवाद बदलला. माहूत नवा आला की हत्ती बिथरतो, हे आपल्याकडे कुठल्याही संस्थानातल्या पीलखान्यात कुणीही सांगितलं असतं.

सुपेर्गाच्या दिवशी धुकं होतं.

सुपेर्गा ही शहराच्या पूर्वेची टेकडी, ६७० मीटरच्या आसपास. वर युवाराचं बासिलिका, म्हणजे मोठं चर्च. त्यामागची कथा अशी: १७०६ मध्ये फ्रेंच सैन्याने तोरिनोला वेढा घातला होता. व्हित्तोरियो अमेदेओ आणि त्याचा चुलत-चुलतभाऊ, ऑस्ट्रियाचा सेनापती युजीन, शत्रूचे मोर्चे बघायला या टेकडीवर चढले. ड्यूकने तिथे मातेला नवस बोलला, जिंकलो तर इथे मंदिर बांधीन. ७ सप्टेंबरला वेढा मोडला. नवस फेडायला मात्र ११ वर्षं गेली, काम सुरू झालं १७१७ मध्ये. टेकडीचा माथा छाटून सपाट करावा लागला, दगड खेचरांच्या पाठीवरून वर गेले, आणि १७३१ मध्ये चर्च खुलं झालं. नवसापासून पंचवीस वर्षं. आपल्याकडेही नवस असेच फिटतात.

वर जायला १८८४ ची जुनी चढण-रेल्वे आहे, आता ती उटीच्या गाडीसारखी दातेरी रुळावर चालते. लाकडी बाकं, खिडकीला पितळी कडी. डब्यात आम्ही सहा जण. अर्ध्या वाटेवर झाडं गेली, मग खालचं शहर गेलं, मग पुढचा डबा दिसेनासा झाला. वर उतरलो तेव्हा चर्च कुठे आहे ते विचारावं लागलं. पन्नास पावलं चालल्यावर खांब आले. आधी एक, मग दोन, मग आठ. इतके मोठे की त्यांची वरची टोकं धुक्यातच राहिली. घुमट दिसलाच नाही. जी इमारत वीस-पंचवीस किलोमीटरवरून दिसण्यासाठी बांधली, ती मला पाच मीटरवरून दिसली, तुकड्यातुकड्यात.

मला राग आला, मग बरं वाटलं. इतक्या जवळून एक गोष्ट लक्षात आली. पुढची देवडी गरजेपेक्षा फारच खोल आहे. चर्चच्या अंगातून ती पेटीसारखी बाहेर आलीय. जवळून हे थोडं बेढब वाटतं, नाक जास्त लांब असल्यासारखं. पण शहरातून बघणाऱ्याला खोल सावली हवी, नाहीतर लांबून सगळं सपाट दिसेल. आम्ही नटांच्या गालांवर लावायचो तो रंग विंगेत भयंकर दिसायचा आणि शेवटच्या रांगेतून तजेला वाटायचा. युवाराने देवडीला मेकअप केलाय, आणि प्रेक्षकांची शेवटची रांग पार खाली, नदीपलीकडे आहे.

चर्चला वळसा घालून मागे गेलो. मागची भिंत साधी, विटांची, मठाची. तिथे एक मोठा शिलालेख आहे, फुलं आहेत, गळपट्टे बांधलेत, फोटो आहेत. ४ मे १९४९ ला तोरिनोच्या फुटबॉल संघाला लिस्बनहून घेऊन येणारं विमान अशाच ढगांत या भिंतीवर आदळलं. ३१ माणसं गेली. त्या काळातला इटलीतला सर्वोत्तम संघ. एक पोक्त गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते. पुढच्या बाजूला लोक फोटो काढत होते, इथे कुणीच बोलत नव्हतं. भाचीने माझी बाही धरली. आम्ही तिथे पुढच्यापेक्षा जास्त वेळ थांबलो.

या माणसाने राजाला जिने दिले, देवाला घुमट दिला, हरणाला चबुतरा दिला. एक गोष्ट त्याच्या हातून राहिली: नाट्यगृह. तोरिनोला शाही ऑपेराघर हवं होतं आणि त्याचे आराखडे युवाराने सुरूही केले होते. पण १७३५ मध्ये स्पेनच्या राजाने त्याला माद्रिदला बोलावलं, तिथला जुना राजवाडा आगीत गेला होता. तिथे नव्या महालाचे नकाशे काढता काढता ३१ जानेवारी १७३६ ला तो वारला. तोरिनोचं रेज्यो नाट्यगृह मग बेनेदेत्तो आल्फिएरीने बांधलं, १७४० मध्ये पडदा उघडला. आणि १९३६ च्या फेब्रुवारीत, युवाराला जाऊन दोनशे वर्षं आणि एक आठवडा झाला असताना, ते एका रात्रीत जळालं. चौकातली पुढची भिंत तेवढी वाचली. तिच्या मागे कार्लो मोल्लीनोने बांधलेलं नवं नाट्यगृह १९७३ मध्ये सुरू झालं.

भाची हे सांगत होती तेव्हा आम्ही त्या भिंतीसमोरच उभे होतो. तिला माहीत होतं मी गप्प का झालो ते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमचं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री तिनेच मला इथून फोन केला होता. तिथल्या रंगमंचावर मी ज्या जागी फ्लॅट टेकवत असे, तिथून आभाळ दिसत असल्याचा फोटो दुसऱ्या दिवशी कुणीतरी पाठवला होता. ‘चल मामा, कॉफी पिऊ,’ ती म्हणाली. प्यायलो.

शेवटच्या दिवशी धुकं गेलं होतं. मेट्रोने फेर्मी स्टेशन, तिथून बस. बसमध्ये माझा डोळा लागला आणि आम्ही दोन थांबे पुढे गेलो, परत चढ चढत आलो. रिवोलीचा किल्ला शहराच्या पश्चिमेला, एका टेकाडावर आहे. युवाराला इथे व्हर्सायच्या तोडीचं काहीतरी करायचं होतं. जेमतेम एक तुकडा झाला. उरलेल्या जागी अर्धवट खांब, मध्येच तुटलेल्या कमानी आणि छप्पर नसलेली देवडी आभाळाखाली उभी आहे. विटांच्या भिंतीतून दगड बाहेर आलेत, पुढच्या दगडाची वाट बघत असल्यासारखे. दुरुस्ती करणाऱ्यांनी ते पूर्ण केलं नाही, तसंच ठेवलं. १९८४ पासून इथे समकालीन कलेचं संग्रहालय आहे. आतली चित्रं आम्ही भराभर पाहिली.

याच किल्ल्यात १७३० च्या सप्टेंबरमध्ये व्हित्तोरियो अमेदेओने मुलाच्या नावे गादी सोडली. नव्या बायकोला घेऊन तो डोंगरापलीकडे राहायला गेला. वर्षभरात त्याला चुकल्यासारखं झालं. तो परत आला, गादी मागू लागला. मुलाने, कार्लो एमानुएलेने, त्याला रात्री बिछान्यातून उचलून अटक केली आणि इथे आणून ठेवलं. पुढच्या वर्षी त्याला मोंकालिएरीच्या किल्ल्यात हलवलं, तिथेच १७३२ च्या ऑक्टोबरअखेरीस तो गेला. पुरलं त्याला सुपेर्गाला.

देवडीच्या बाहेर मोकळी जागा आहे, तिथून पूर्वेला शहर दिसतं. किल्ल्यापासून एक रस्ता निघतो, कोर्सो फ्रांचिया, आणि मैलोन् मैल अजिबात न वळता शहरात शिरतो. १७११ च्या सुमाराला आखलेला. तो रस्ता डोळ्यांनी पुढे ताणला की छपरांच्या वर, नदीपलीकडे, टेकडीवर एक ठिपका येतो.

‘ते काय ते?’ मी विचारलं.

‘सुपेर्गा,’ भाची म्हणाली. ‘सरळ रेषेत आहे.’

सूर्य आमच्या पाठीमागे, आल्प्सच्या बाजूला उतरला होता. खालचं शहर आधीच निळसर झालं होतं, गाड्यांचे दिवे लागत होते. फक्त तो ठिपका पेटला. घुमट आणि त्याखाली एक काळी चौकोनी खूण, ती बेढब देवडी. खोल सावली लांबून कशी दिसते ते आता दिसत होतं. राजाला या किल्ल्यातल्या कुठल्या खोलीत ठेवलं होतं ते मी दाराशी बसलेल्या बाईंना विचारलं. त्यांनी हाताने वरच्या मजल्याकडे कुठेतरी दाखवलं. तिथल्या खिडकीतून हा ठिपका दिसत होता का, ते विचारायला मला इटालियन येत नव्हतं, आणि भाची फोटो काढत होती.

‘मामा, जरा मध्ये उभा राहा ना, खांबांच्या मध्ये.’

मी उभा राहिलो. मग सवयीने दोन पावलं बाजूला सरकलो.

‘मध्ये रे!’

तेवढ्यात ठिपका विझला. आम्ही बसच्या थांब्याकडे उतरलो.